पनीरच्या पाण्यातल्या साखरेचं प्रीबायोटिक: एन्झाइम सोपं, पाणी अवघड

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात डिचोली भागात तुमचं पनीर आणि चक्क्याचं युनिट आहे. रोज साधारण १००० लिटर निवळी (पनीर-चक्का काढल्यावर उरलेलं पाणी) निघते. त्यातली काही डुकरं पाळणारे घेऊन जातात, बाकीची ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, जाते आणि ईटीपी कुरकुरतं. एन्झाइम टाकून निवळीतल्या लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, ‘जीओएस’ नावाचं प्रीबायोटिक (आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य) करता येतं, असं तुम्ही ऐकलंत. आता कोणतं एन्झाइम घ्यायचं, किती टाकायचं, पावडर करता येईल का आणि माल खपेल का, हे तुम्हाला हवंय.

एन्झाइमची चिंता करू नका. ते बाजारात मिळतं, आपलं काम चोख करतं आणि एकूण खर्चात त्याचा वाटा लहान असतो. तुमची खरी झुंज पाण्याशी आहे, आणि ती दोन ठिकाणी आहे: एक टाकीच्या आत, दुसरी बॉयलरपाशी. दोन्हीकडचा हिशेब जुळला तरच पुढे जा.

आधी टाकीच्या आतलं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी. बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे आपण ज्याला लॅक्टेज म्हणतो ते एन्झाइम, ही जोडी तोडतं. ग्लुकोज लगेच सुटतं, पण गॅलॅक्टोज थोडा वेळ एन्झाइमलाच चिकटून राहतं. पुढचा रेणू येईपर्यंत ते तिथेच असतं. आला तो रेणू पाण्याचा असेल तर गॅलॅक्टोज मोकळं होतं, म्हणजे साधं विघटन झालं आणि हाती गोड पाणी आलं. पाण्याऐवजी दुसरा लॅक्टोज आला तर गॅलॅक्टोज त्याला जोडलं जातं आणि तीन साखरांची साखळी तयार होते. तिला आणखी एक गॅलॅक्टोज लागलं की चारांची. हेच गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, जीओएस. म्हणजे तोडणारं आणि जोडणारं एन्झाइम एकच. ते काय करणार हे शेजारी पाणी जास्त आहे की लॅक्टोज, यावर ठरतं.

म्हणून पाच टक्के लॅक्टोजच्या निवळीत थेट एन्झाइम ओतून जीओएस मिळत नाही. म्हणजे मिळतं, पण नावापुरतं. बाकी सगळं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. तेही फुकट जात नाही म्हणा. अशी निवळी मूळच्यापेक्षा बरीच गोड लागते आणि सरबतात चालते. पण तिला प्रीबायोटिक म्हणू नका. जीओएस हवं असेल तर लॅक्टोज ३० ते ४० टक्क्यांवर न्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, जीओएस कायम टिकत नाही. सुरुवातीला ते वाढत जातं, एका उंचीला पोचतं आणि मग उतरायला लागतं, कारण लॅक्टोज संपत आलं की एन्झाइम स्वतःच जोडलेल्या साखळ्या तोडू लागतं. रात्री एन्झाइम टाकून सकाळी बघू म्हणणाऱ्याच्या टाकीत सकाळी ग्लुकोजचं सरबत असतं. एन्झाइम दुप्पट टाकलं तर ही चढण साधारण निम्म्या वेळात पार होते, पण शिखराची उंची जवळपास तीच राहते. उंची ठरते ती लॅक्टोजच्या तीव्रतेवर आणि एन्झाइम कोणत्या जिवाणूचं किंवा बुरशीचं आहे त्यावर. ‘जास्त टाकलं तर जास्त माल’ असं सांगणारा विक्रेता भेटला तर चहा पाजून परत पाठवा.

आता एन्झाइमची निवड. बाजारात मुख्यतः तीन घराणी आहेत. क्लुइव्हरोमायसिस लॅक्टिस या यीस्टचं एन्झाइम लॅक्टोज-फ्री दुधासाठी सगळीकडे वापरतात. त्याला ६.५ ते ७ च्या आसपासचा पीएच आणि ३५ ते ४५ अंशांचं तापमान लागतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम त्याला मानवतं. सोडियम आणि कॅल्शियम नाही. तुमची पनीरची निवळी सायट्रिक ॲसिडची, पीएच साडेपाचच्या आसपास, आणि चक्क्याची साडेचारच्या आसपास. म्हणजे आधी अल्कली घालून पीएच वर न्यायचा, त्यात कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ बसणार, आणि वर चाळीस अंशांची गोड उबदार टाकी. आपल्या हवेत ती काही तासांत नासते. तुमच्यासाठी हे नको.

दुसरं ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीचं. त्याला साडेचार ते पाचचा पीएच आणि ५० ते ५५ अंश आवडतात. आंबट निवळीला हे जणू ठरवून केल्यासारखं बसतं. त्या तापमानाला आणि तेवढ्या साखरेत बहुतेक जंतू वाढत नाहीत, हा वरचा फायदा. तोटा असा की जीओएसचं प्रमाण मध्यम मिळतं, एकूण साखरेच्या २५ ते ३० टक्के धरून चाला. शिवाय सुटलेलं गॅलॅक्टोज या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे शेवटी शेवटी काम मंदावतं.

तिसरं बॅसिलस सर्क्युलन्सचं. पीएच सहाच्या जवळ, तापमान ५० ते ६०. हे जोडण्यात सगळ्यात हुशार. ४० टक्के आणि त्याहून थोडं वरही जातं. मोठ्या कंपन्यांचं जीओएस सिरप बरंचसं याच घराण्यातून येतं. महाग पडतं, आणि लहान पॅकमध्ये मिळवायला पुरवठादाराच्या मागे लागावं लागतं.

माझं मत: सुरुवात ॲस्परजिलसने करा. पीएच न बदलता काम होतं, आणि नवख्या हाताला ते सांभाळून घेतं. पण पुरवठादाराकडून दोन कागद आधीच घ्या. एक, ते एन्झाइम अन्नासाठी मान्य प्रक्रिया-सहायकांच्या यादीत बसतं याचा. दुसरा, त्याची ताकद कोणत्या युनिटमध्ये आणि कोणत्या पीएच-तापमानाला मोजली आहे याचा. दोन कंपन्यांचं ‘एक लाख युनिट’ एकसारखं नसतं.

आता बॉयलरपाशी येऊ. तुमच्या १००० लिटर निवळीत लॅक्टोज धरा ४८ किलो. ते ४० टक्क्यांवर आणायचं म्हणजे सगळं मिळून १२० किलो द्रावण उरलं पाहिजे. म्हणजे ८८० किलो पाणी काढायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २३०० किलोज्यूल लागतात. ८८० किलोला झाले वीस लाख किलोज्यूल, विजेच्या भाषेत साडेपाचशे युनिटच्या वर. उघड्या कढईत किंवा साध्या एकेरी बाष्पकात हे करायचं म्हटलं तर, बॉयलर साठ टक्के कार्यक्षम धरूनही, सुकी लाकडं लागतील रोज सव्वादोनशे किलोच्या घरात. आणि हाती येणार किती? ४८ किलो साखरेतून सुमारे १३ किलो जीओएस. हा आकडा एकदा कागदावर लिहा आणि मग बाकीचं वाचा.

यावर उपाय मेम्ब्रेनचा. वाफ न करता दाबाने पाणी गाळून काढायचं. निवळीतले एकूण घन पदार्थ सहा टक्के धरले आणि मेम्ब्रेनने १८ टक्क्यांपर्यंत आणले, तर १००० किलोचे ३३० किलो उरतात. म्हणजे दोन तृतीयांश पाणी वाफ न करताच गेलं. उरलेल्या दोनशे-सव्वादोनशे किलोची वाफ करायला पंचावन्न किलोच्या आसपास लाकूड पुरतं. पंपाची वीज लागते, पण वाफेच्या मानाने ती किरकोळ.

इथे बहुतेक लोक आरओ घेतात. मी तुम्हाला नॅनोफिल्ट्रेशन (आरओपेक्षा मोठ्या छिद्रांची मेम्ब्रेन) घ्या म्हणेन. कारण चव. निवळीत अर्धा टक्का क्षार असतात. तेवढ्याने काही कळत नाही, पण पाणी काढत गेलात की क्षारही दहा-बारापट दाट होतात आणि सिरप खारट-आंबट लागतं, तोंडात घातल्यावर जिभेच्या कडेला चुरचुरतं. आरओ क्षार आतच ठेवतो. नॅनोफिल्ट्रेशनमध्ये लॅक्टोज अडतं, पण सोडियम-पोटॅशियमचे क्षार आणि थोडं लॅक्टिक ॲसिड पाण्याबरोबर निघून जातं. दाट करणं आणि क्षार उतरवणं एकाच यंत्रात होतं. कॅल्शियम मात्र बरंचसं आतच राहतं, आणि पुढे तापवताना ते पृष्ठभागावर पांढऱ्या थराने बसतं. त्यासाठी ॲसिडची धुलाई नेमाने करायला हवी.

पण मेम्ब्रेनच्या आधी एक साधं यंत्र. पनीरच्या हौदातून निवळी निघते तेव्हा ती नीट बघा. हिरवट-पिवळी, वर बारीक तुपाचे डोळे, आणि तळाशी पनीरचा चुरा. हा चुरा आणि ही चरबी मेम्ब्रेनवर गेली तर महिन्याभरात मेम्ब्रेन बसेल. आधी बारीक जाळी, मग क्रीम सेपरेटर. पनीरच्या निवळीत ०.३ ते ०.५ टक्के चरबी राहते, म्हणजे १००० लिटरमागे तीन ते पाच किलो. सेपरेटर लावून ती काढा, तूप करा. एन्झाइमचं स्वप्न पुढे सरो वा न सरो, सेपरेटर स्वतःचे पैसे स्वतः फेडेल आणि ईटीपीवरचा भारही उतरेल. तुमच्याकडे सेपरेटर नसेल तर पहिली खरेदी तीच करा.

चक्क्याचं पाणी मात्र वेगळं ठेवा, पनीरच्या निवळीत मिसळू नका. दह्याच्या जंतूंनी त्यातलं काही लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं, आंबटपणा जास्त, कॅल्शियम जास्त, आणि जंतू जिवंत. मिसळलंत तर चांगली निवळीही दुपारपर्यंत आंबते. पनीरची निवळी गरम निघते आणि दूध आधीच उकळीजवळ तापलेलं असतं, हे तुमचं नशीब. ती थंड होऊन ३० अंशांवर रेंगाळायच्या आत एकतर गरमच पुढे न्या, नाहीतर चिलरवर घ्या. मे महिन्यात दुपारी बारा ते तीन एवढ्यातच खेळ होतो.

यंत्रं घेण्याआधी चाचणी करा, आणि निवळीवर नको, विकतच्या खाण्याच्या लॅक्टोज पावडरवर. दोन किलो लॅक्टोज, तीन लिटर पाणी. पाणी ८५ अंशांपर्यंत तापवलंत तर सगळं विरघळेल. पाण्यासारखं स्वच्छ, जरा दाटसर द्रावण दिसेल. पीएच साडेचारच्या जवळ आणा, सायट्रिक ॲसिडने. मग ५५ अंशांवर उतरवा. या तापमानाला ४० टक्के लॅक्टोज खरं तर विरघळायच्या मर्यादेच्या जरा वर असतं, त्यामुळे इथे रेंगाळायचं नाही. ५५ दिसलं की एन्झाइम. आधी टाकलंत तर एन्झाइम मरेल, उशीर केलात तर तळाला रवा धरेल. एकदा काम सुरू झालं की लॅक्टोज कमी होत जातं आणि रवा धरायची भीती टळते. ढवळणं हलकं ठेवा, फेस येऊ देऊ नका.

दर अर्ध्या तासाने एक टेस्ट ट्यूब भरायची आणि ती लगेच उकळत्या पाण्यात दहा मिनिटं उभी करायची. एन्झाइम तिथल्या तिथे थांबतं. ट्यूबवर वेळ लिहा. हे नमुने म्हणजे तुमची चढण-उतरण.

ते मोजायचे कशाने? ब्रिक्स मीटर (विरघळलेली साखर मोजणारा) इथे जवळपास मुका असतो. लॅक्टोजचं जीओएस झालं तरी आकडा हलत नाही. पक्का मार्ग एचपीएलसीचा, म्हणजे प्रत्येक साखर वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राचा. गोव्यात त्याची वाण नाही, वेर्णा, पिळर्ण, कुंडई, थिवी इथल्या औषध कारखान्यांमुळे एचपीएलसी चालवणारी पोरं घराघरांत आहेत. फक्त एक सांगून ठेवा: साखरेला यूव्ही डिटेक्टर चालत नाही, आरआय डिटेक्टर हवा, आणि औषधांच्या लॅबमध्ये तो नेहमी लावलेला नसतो.

रोजच्या कामाला मात्र एक युक्ती आहे जी डेअरीवाल्याच्या घरातलीच आहे. दुधात पाणी घातलंय का हे बघायला तुमच्याकडे किंवा शेजारच्या संकलन केंद्रात क्रायोस्कोप (गोठणबिंदू मोजायचं यंत्र) असतो. गोठणबिंदू रेणूंच्या संख्येवर खाली जातो. लॅक्टोज पाण्याने तुटलं की एकाचे दोन रेणू होतात, गोठणबिंदू खाली सरकतो. पण दोन लॅक्टोज मिळून एक तिहेरी साखळी आणि एक ग्लुकोज झालं, तर दोनाचे दोनच राहिले. गोठणबिंदू जागचा हलत नाही. म्हणजे क्रायोस्कोप फक्त पाण्यात वाया गेलेलं मोजतो. दुसरीकडे, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ग्लुकोज मोजायला जे जीओडी-पीओडी किट वापरतात ते मोकळं ग्लुकोज सांगतं, आणि ते दोन्ही वाटांनी सुटतं. ग्लुकोजवरून एकूण किती लॅक्टोज तुटलं ते कळतं, क्रायोस्कोपवरून किती वाया गेलं ते. वजाबाकी केलीत की उरलेलं गॅलॅक्टोज कुठेतरी जोडलं गेलंय. तेच तुमचं जीओएस.

करताना नमुना आठपट पातळ करून पाच टक्क्यांवर आणा, तेव्हाच क्रायोस्कोप नीट वाचतो. पाच टक्के लॅक्टोज सगळंच्या सगळं पाण्याने तुटलं तर गोठणबिंदू पाव अंशाहून थोडा जास्त खाली जाईल, ही तुमची पट्टी. ग्लुकोजच्या किटसाठी शंभरपट तरी पातळ करावं लागेल. हा हिशेब ढोबळ आहे, कारण थोडं गॅलॅक्टोज ग्लुकोजलाही जोडलं जातं. म्हणून एकदा एचपीएलसीशी ताडून घ्या. पण कधी थांबायचं हे कळायला पुरेसा आहे. घरचा ग्लुकोमीटर वापरू नका. पट्ट्या रक्तासाठी जुळवलेल्या असतात आणि काही पट्ट्यांना इतर साखरांचाही भास होतो.

कधी थांबायचं, यात थोडी गंमत आहे. पुस्तक सांगेल, शिखरावर. पण शिखरावर थांबलात तर एकूण साखरेतलं चाळीस-पंचेचाळीस टक्के लॅक्टोज तसंच असतं, आणि लॅक्टोज थंड पाण्यात फार विरघळत नाही. २५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात वीसेक ग्रॅम. ७० टक्क्यांचं सिरप करून बाटलीत भरलंत की पंधरा दिवसांत तळाला वाळू बसते. आइस्क्रीममध्ये दुधाची पावडर जास्त झाल्यावर जी किरकिर लागते, तीच ही. म्हणून साठवायचं सिरप असेल तर शिखर ओलांडून थोडं खाली उतरा. जीओएस थोडं कमी झालेलं चालेल, पण उरलेलं लॅक्टोज वीस टक्क्यांच्या आसपास आलं तर सिरप बरंच स्थिर राहतं. लगेच त्याच दिवशी वापरायचं असेल तर शिखरावर थांबा. थांबवायला ८५-९० अंशांवर दहा मिनिटं. पीएच पाचच्या खाली असला तर रंगही फार चढत नाही. वर असेल तर सिरप तपकिरी होतं, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही निवळीतल्या प्रथिनांशी लगेच रंगतात.

एन्झाइम मण्यांवर बसवून पुन्हा पुन्हा वापरता येतं का, हेही तुम्ही विचारलंत. येतं. पण प्रयोगशाळेतला आवडता अल्जिनेटचा मणी तुमच्याकडे टिकणार नाही. तो कॅल्शियमने बांधलेला असतो आणि सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं. सायट्रिक ॲसिडने पनीर काढलेल्या निवळीत मणी भुसभुशीत होत जातात. कायटोसानचे मणी टिकतात, पण ते कोळंबी-खेकड्याच्या कवचातून येतं; श्रीखंड-पनीर घेणारं शाकाहारी गिऱ्हाईक उद्या विचारेल तेव्हा काय सांगणार, ते आधी ठरवा. तुमच्या आकाराला मोकळं एन्झाइम पुरे.

पावडर? गोव्यात, पावसाळ्यात? या सिरपमध्ये ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज भरपूर असतं, दोन्ही ओल ओढणारी. स्प्रे ड्रायरच्या भिंतीला चिकटतं, माल्टोडेक्स्ट्रिन घालून सुकवलं तरी जून ते सप्टेंबरात पिशवी उघडली की ढेकूळ. पावडरीत पडू नका.

शुद्ध जीओएस करायचं म्हणजे ग्लुकोज-गॅलॅक्टोज काढायचं. मोठ्यांकडे त्यासाठी क्रोमॅटोग्राफी असते. लहान प्रमाणात एक सुचवलं जातं: साधं बेकरीचं यीस्ट टाका, ते ग्लुकोज खातं, मागाहून गॅलॅक्टोजही, आणि लॅक्टोज-जीओएसला हात लावत नाही. खरं आहे. पण मग टाकीत अल्कोहोल तयार होतं, आणि आपल्याकडे फेणी-हुर्राक असो वा निवळी, अल्कोहोल म्हटलं की अबकारी खातं आलं. शिवाय यीस्टचा वास काढणं हे वेगळं काम. नको.

मग करायचं काय? माझा सल्ला असा की सिरप विकायचं म्हणून बनवू नका. ज्या मालात ते जाणार तो माल आधी ठरवा. गोव्यात दोन जागा मला खरोखर जमणाऱ्या वाटतात.

पहिली, भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं सरबत. कोकमाचा आगळ (खारवलेला रस) इतका आंबट असतो की इन्युलिन किंवा एफओएससारखं फ्रुक्टोजच्या साखळ्यांचं प्रीबायोटिक त्यात ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत तुटत जातं. जीओएस आंबटात आणि उष्णतेत फार चिवट. पाश्चराइझ केलं तरी टिकतं. सिरपचा किंचित खारटपणा इथे खपून जातो, उलट सरबताला बरा लागतो. दुसरी, पाव. पोदेराच्या (गोव्यातल्या पाववाल्याच्या) पिठातलं यीस्ट एफओएस तोडून खाऊन टाकतं, जीओएसला तोडायचं हत्यार त्याच्याकडे नाही. त्यामुळे घातलेलं जीओएस भाजल्यावरही पावात राहतं. ग्लुकोज यीस्टला मिळतं, गॅलॅक्टोज-लॅक्टोजमुळे कवचाला रंग छान येतो. हॉटेलांना ‘हेल्दी’ पाव हवाच असतो. आइस्क्रीममध्येही चालतं, पण तिथे उरलेल्या लॅक्टोजचा रवा सांभाळावा लागेल. श्रीखंडात घालायचं मनात असेल तर आधी त्याच्या मानकात काय बसतं ते बघा, मग घाला.

हिशेब असा: ७० टक्क्यांच्या सिरपमध्ये तुमच्या पद्धतीने साधारण १७ टक्के जीओएस असेल. माणसाला रोज अडीच ते पाच ग्रॅम पोचलं तर काही अर्थ. म्हणजे एका ग्लासात पंधरा ते तीस ग्रॅम सिरप. यापेक्षा फार पुढे जाऊ नका. दहा ग्रॅमच्या वर गेलं की बऱ्याच जणांना वायू धरतो, वीसच्या वर जुलाबही. अळसाणे-चवळीने ज्यांचं पोट फुगतं त्यांना हेही फुगवणारच. आतड्यातल्या जिवाणूंनी खाल्लं की वायू होतो, तेच तर त्याचं काम.

दाव्यांबाबत जपून. प्रीबायोटिक ही कल्पना १९९५ मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी मांडली, आणि जीओएसवरचा अभ्यास त्यातल्या त्यात भक्कम आहे: लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरिया त्यावर वाढतात. बाळांच्या पावडर दुधात ते लांब साखळीच्या एफओएसबरोबर नऊला एक या प्रमाणात वर्षानुवर्षं वापरलं जातंय. आपल्याकडे एफएसएसएआयच्या २०१६ च्या न्यूट्रास्युटिकल नियमांत प्रीबायोटिकच्या यादीत जीओएस आहे. पण यादीत नाव असणं म्हणजे तुमच्या बाटलीवर ‘मधुमेह बरा’ लिहायची परवानगी नव्हे. तुमच्या सिरपमध्ये ग्लुकोज आहे, म्हणून ‘शुगर फ्री’ नाही. लॅक्टोज उरलंय, म्हणून ‘लॅक्टोज फ्री’ नाही. गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज न पचण्याचा जन्मजात आजार) असलेल्या बाळाला हे विष आहे. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ‘दुधापासून’ हे ठळक हवं. सिंगापुरात ॲलर्जीची प्रकृती असलेल्या काही जणांना खुद्द जीओएसची तीव्र ॲलर्जी आल्याचं नोंदलं गेलंय. विरळा आहे, पण तक्रार आली तर हसण्यावारी नेऊ नका. लेबलचा मसुदा बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनात दाखवून मगच छापा.

ईटीपीचं राहिलं. निवळीचा बीओडी (घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅम. १००० लिटर म्हणजे रोज ४० किलो, सातशे माणसांच्या सांडपाण्याएवढा भार. नदी-नाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. नॅनोफिल्ट्रेशन लावलंत की साखर, म्हणजे भाराचा मोठा हिस्सा, ईटीपीत जातच नाही. ती दाट द्रावणात राहते, मग तुम्ही तिचं जीओएस करा, तशीच बेकरीला द्या किंवा डुकरांना घाला. म्हणूनच मी म्हणतो, मेम्ब्रेनचा निर्णय जीओएसच्या नफ्यावर टांगू नका. ईटीपीच्या खर्चातली बचत आणि तूप, एवढ्यावर तो उभा राहतो का बघा. राहत असेल तर एन्झाइम हा वरचा लाभ. राहत नसेल तर एकट्याने करू नका. हॉटेलांचा सीझन ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात पनीरची मागणी उतरली की तुमची निवळीही कमी होणार आणि यंत्र बसून राहणार. आजूबाजूच्या दोन-तीन युनिटांनी मिळून एका औद्योगिक वसाहतीत मेम्ब्रेन बसवली, प्रत्येकाने गरम निवळी सेपरेटरमधून काढून इन्सुलेटेड टँकरने पोचवली, तर यंत्र वर्षभर चालेल. गोव्यात अंतरं तासा-दीड तासाची, त्यामुळे हे इथे जमण्यासारखं आहे.

तूर्तास सेपरेटरचं कोटेशन मागवा, आणि हौदातल्या निवळीचा पीएच, आम्लता आणि चरबी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. मेम्ब्रेनचा कोणताही विक्रेता पहिल्या भेटीत हेच आकडे मागतो, आणि ते तुमच्याकडे नसतील तर स्वतःच्या सोयीचे धरून कोटेशन देतो.